जांगड म्हणजे काय? "बघा, नाहीतर परत आणा" असा माल उचलण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात कल्याणच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, होलसेलवाले शेठ म्हणाले, ताई, जांगडवर घेऊन जा, टेन्शन नाही. जांगड म्हणजे उधारीच ना?" वर्गात तीस जण होते. निम्म्यांनी माना डोलावल्या, हो, उधारीच. दोघं-तिघं म्हणाले, कमिशन. एक जण म्हणाला, हा गुजराती शब्द आहे, आपला नाही.

ताईंच्या घरी त्या वेळी इमिटेशन ज्वेलरीचे ३४ सेट येऊन पडले होते. जांगडवर. म्हणजे माल आधी घरी आला आणि शब्दाचा अर्थ नंतर विचारला. मी हसलो नाही, कारण मी स्वतः हेच केलं होतं, आणि मला ते चांगलंच महाग पडलं होतं. ते खाली सांगतो. आधी शब्द.

जांगड म्हणजे पसंतीच्या बोलीवर नेलेला माल. नेला, बघितला, दाखवला, ठरलेल्या मुदतीत आवडला तर ठेवला आणि पैसे दिले, नाही आवडला तर जसाच्या तसा परत. शब्द गुजराती-मारवाडी पेढ्यांवर रोजचा आहे हे खरं, पण तो मराठीतही जुना आहे आणि आपल्या शब्दकोशांत सापडतो. हिंदीत याला जाकड म्हणतात. पूर्वी कापडाच्या आणि सराफाच्या पेढीवर रोजमेळ, खतावणी यांच्याबरोबर एक जांगडवही असायची. कोणी काय नेलं, कधी नेलं, कधी परत येणार. मुंबईत हिऱ्यांचा धंदा अजूनही याच शब्दावर चालतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये लाखोंच्या हिऱ्याची पुडी एका दलालाकडून दुसऱ्याकडे जाते ती जांगड चिठ्ठीवर. तिथं हा शब्द सगळ्यांना कळतो. अडचण आपल्यासारख्यांची होते, जे साड्या, ड्रेस मटेरियल, ज्वेलरी, गिफ्ट आर्टिकल घेऊन पहिलं प्रदर्शन लावतात.

आता फरक नीट समजून घ्या, कारण पैसे याच फरकात अडकतात. उधारीत माल विकला गेलेला असतो. तो तुमचा झाला, फक्त पैसे नंतर. खपला नाही तरी पैसे द्यायचेच. कमिशनवर घेतलेल्या मालात तुम्ही मालकाच्या वतीनं विकता, माल गिऱ्हाईकाच्या हातात जाईपर्यंत मालकाचाच राहतो, तुम्हाला तुमचं कमिशन. इसार वेगळाच, तिथं सौदा ठरलाय आणि आपण काही रक्कम आधी देऊन तो पक्का करतोय. जांगडमध्ये सौदा अजून झालेलाच नाही. तुम्ही फक्त मुदत घेतलीय. म्हणजे जांगडवर तुम्ही आणता तो माल नसतो, ते दिवस असतात. हे मला २०१६ साली कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा माझं दुकान नव्हतं. बीबीए झालं होतं, दोन वर्षं नोकरी करून सोडली होती, आणि डोंबिवली पूर्वेला सोसायटीच्या हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन लावायचं ठरवलं. भांडवल जवळजवळ शून्य. दादरला हिंदमाताच्या बाजूला एका शेठनं विश्वासावर ५० साड्या दिल्या. सरासरी भाव १२०० रुपये, म्हणजे ६०,००० चा माल. एका साध्या कागदावर नग लिहिले, खाली "जांगड" लिहिलं. मुदत तोंडी. शेठ म्हणाले, "गणपती झाले की हिशोब करून जा." मी म्हटलं, हो हो. दोन मोठे गठ्ठे लोकलच्या लगेज डब्यातून आणले, तेव्हा वाटलं आपण धंदेवाले झालो.

प्रदर्शन चांगलं झालं. ३१ साड्या गेल्या, १५०० नं. हातात ४६,५०० आले. शेठचे ३७,२०० बाजूला काढले. उरले ९,३००. हॉलचं भाडं, बॅनर, चहापाणी मिळून ४,५०० गेले. निव्वळ ४,८००. पहिल्या फेरीला वाईट नाही, बरोबर?

राहिल्या १९ साड्या. १५ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली. ३१ साड्यांचे पैसे मी शेठना नेऊन दिले, पण १९ साड्या परत नेल्या नाहीत. डोक्यात हिशोब असा की आता नवरात्र येतंय, मग दिवाळी, घरून घरून जातील. आई म्हणाली, "अरे, परत कर." मी म्हटलं, "जांगड आहे ना, परत कधीही करता येतात." हे "कधीही" माझं मीच जोडलं होतं. शेठनी म्हटलं नव्हतं.

नवरात्रात चार-पाच जणींनी बघितल्या, एकीनंही घेतली नाही. दिवाळीत सगळे फडके रोडवर, आमच्या घरी कोण येतंय? दिवाळी झाली ३० ऑक्टोबरला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी १९ साड्या घेऊन हिंदमाताला गेलो. तारीख आठवते कारण ८ तारखेला नोटबंदी जाहीर झाली होती आणि बाजारात गिऱ्हाईक म्हणून कोणी दिसत नव्हतं. शेठनी गठ्ठा सोडलाही नाही. शांतपणे म्हणाले, "गणपतीची डिझाइन गणपतीत विकते. तू ती दोन महिने ठेवलीस, माझा सीझन गेला. आता ती तुझी. २२,८०० दे."

मी भांडलो. कागद दाखवला, बघा, जांगड लिहिलंय. ते म्हणाले, "म्हणूनच."

त्या दिवशी मला ते लबाड वाटले. चार महिन्यांत तीन चेकनी पैसे फेडले, ४,८०० कधीच गेले होते, वर घरातून पैसे घ्यावे लागले. खूप नंतर, दुकान टाकताना सीएकडे बसलो होतो तेव्हा कायदा वाचला आणि कळलं की शेठ शब्दाला धरूनच बोलत होते.

तो कायदा म्हणजे माल विक्री अधिनियम १९३०. त्यातलं कलम २४ याच प्रकारच्या मालाबद्दल आहे, पसंतीसाठी किंवा "विका नाहीतर परत करा" या बोलीवर दिलेला माल. ते सांगतं की असा माल घेणाऱ्याच्या मालकीचा कधी होतो. वकिली भाषा बाजूला ठेवून सांगतो. एक, घेणाऱ्यानं "पसंत आहे, ठेवतो" असं कळवलं की. दोन, त्यानं असं काही केलं की जे फक्त मालकच करतो. तीन, त्यानं पसंत-नापसंत काहीच कळवलं नाही आणि माल ठेवून घेतला, तर मुदत ठरली असेल तेव्हा मुदत संपताक्षणी, आणि मुदत ठरली नसेल तर वाजवी वेळ उलटल्यावर.

तिसरा मुद्दा परत वाचा. गप्प बसणं म्हणजे खरेदी. माझी मुदत गणपतीपर्यंत होती, अनंत चतुर्दशीनंतर त्या १९ साड्या कायद्यानं माझ्या झाल्या होत्या आणि मी त्या दोन महिने "परत करायच्या साड्या" म्हणून कपाटात सांभाळत होतो. आणि समजा मुदत ठरलीच नसती, तरी सणाच्या मालाला दोन महिने हा वाजवी वेळ आहे असं कोण म्हणेल? वाजवी म्हणजे किती हे कायद्यात आकड्यात लिहिलेलं नाही. ते मालावर आणि त्या बाजाराच्या रिवाजावर ठरतं. राखीचा माल आणि स्टीलची भांडी यांना एकच वाजवी वेळ कसा असेल? म्हणून तारीख लिहा. "गणपतीनंतर" नको, "बघू" नको, तारीख.

दुसरा मुद्दा छोट्या लोकांना जास्त अडकवतो. मालकासारखं वागणं म्हणजे काय? जांगडवर आणलेल्या साडीला फॉल-पिको केलं, ती तुमची झाली. ड्रेस मटेरियल कापलं, तुमचं झालं. नेसून लग्नाला गेलात, तुमची झाली. आणि तुम्ही ती गिऱ्हाईकाला विकलीत, तर त्या क्षणी तुम्ही आधी शेठकडून ती घेतलीत आणि मग विकलीत असंच धरलं जाणार. आता कल्याणच्या ताईंचं बघा. ३४ पैकी सहा सेट शेजारणींना दिलेले, पैसे पुढच्या पगाराला. ताईंच्या मनात, शेजारणीनं पैसे दिले की शेठला देऊ. तसं नाही. शेजारणीची उधारी ही ताईंची उधारी आहे, शेठची नाही. शेजारीण बुडाली तरी शेठचे पैसे उभे. जांगडचा माल उधारीवर विकू नका असं मी बॅचमध्ये जवळजवळ ओरडून सांगतो, तरी दर वेळी कोणीतरी विकलेला असतोच. शेजार आहे, नाही म्हणवत नाही, मला कळतं.

आता उलट बाजू. तुमचा माल दुसऱ्याकडे जांगडवर गेलाय, तर तुमचं काय? इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण आपला १९३० चा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावरून बेतलेला आहे आणि तिथले खटले इथल्या वकिलांनाही पाठ असतात. लंडनमध्ये एका सराफानं दागिने "विका नाहीतर परत करा" या बोलीवर एका माणसाला दिले. त्यानं ते विकले नाहीत, परतही केले नाहीत, थेट गहाणवटदाराकडे ठेवून पैसे उचलले. सराफ म्हणाला, दागिने माझे, मला परत द्या. कोर्ट म्हणालं, नाही. गहाण ठेवणं हे मालकासारखं वागणं झालं, त्यामुळे दागिने त्या माणसाचे झाले होते, तू त्याच्याकडून पैसे वसूल कर. कर्कहॅम विरुद्ध अ‍ॅटनबरो, १८९७ च्या निकालांत छापलेला. नऊ वर्षांनी, १९०६ मध्ये, जवळजवळ तसाच खटला आला, वाइनर विरुद्ध गिल. तोही सराफ, इथेही दागिने शेवटी गहाणवटदाराकडे पोचलेले. पण या सराफाच्या चिठ्ठीवर अशा अर्थाचं वाक्य होतं की पैसे चुकते होईपर्यंत किंवा माल नावे मांडेपर्यंत माल माझाच. त्याला दागिने परत मिळाले.

एका वाक्याचा फरक. माझ्या दुकानाच्या जांगड चिठ्ठीवर आता ते वाक्य मराठीत छापलेलं आहे.

चिठ्ठीवर काय असावं ते सांगतो, फार मोठं काही नाही. तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, प्रत्येक नगाचं वर्णन आणि भाव, म्हणजे "साड्या ५०" नाही तर "सेमी पैठणी, मोरपंखी, १ नग, १२०० रु." असं. मग ही ओळ: "हा माल जांगड दिला आहे. अमुक तारखेपर्यंत परत न आल्यास किंवा कळवले नसल्यास विकत घेतला असे समजले जाईल. पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालाची मालकी दुकानाची राहील. फॉल-पिको, धुणे, वापर किंवा घडी मोडल्यास माल परत घेतला जाणार नाही." घडी मोडल्यास हे मी नंतर घातलं. खाली दोघांच्या सह्या. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवायचा, म्हणजे तारखेचा पुरावा आपोआप राहतो. तुम्ही घेणारे असाल आणि शेठ चिठ्ठी देत नसतील, तर तुम्हीच मेसेज पाठवा: "शेठ, आज अमुक इतके नग जांगड नेले, अमुक तारखेला हिशोब करते." त्यांनी अंगठा दाखवला तरी पुरे.

माल तुमच्याकडे असताना खराब झाला तर? यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात. साधा नियम असा की मालकी ज्याची, नुकसान त्याचं, वेगळं ठरलं नसेल तर. म्हणजे मुदतीच्या आत, तुमची काही चूक नसताना माल गेला, तर तो देणाऱ्याचा गेला. पण "चूक नसताना" हे महत्त्वाचं आहे, कारण दुसऱ्याचा माल आपल्या मालासारखाच जपण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असतेच. आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. २६ जुलै २००५ ला कल्याण-बदलापूर पट्ट्यात तळमजल्यावरच्या किती घरांत पाणी शिरलं ते विसरायला नको. २७ जुलै २०१९ ला तर वांगणीजवळ अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. गठ्ठे जमिनीवर ठेवलेत, इशारा असताना वर उचलले नाहीत, तर शेठ म्हणणार, तुझी चूक. आणि मुदत उलटल्यावर पाणी शिरलं तर वादच नाही, माल तुमचाच भिजला. दुकानाचा विमा असेल तर एजंटला विचारून घ्या की दुसऱ्याचा माल त्यात धरलाय का. बहुतेक वेळा तो वेगळा लिहून घ्यावा लागतो.

जीएसटीबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न हमखास येतो. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल आणि फक्त महाराष्ट्रातच विकत असाल, तर साधारणपणे तुम्हाला नोंदणी लागत नाही. पण तुमचा शेठ नोंदणीवाला असतो. तो जांगड माल देताना बिल नाही, डिलिव्हरी चलन देतो, तीन प्रतींत, एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक त्याची स्वतःची. बिल बनवायचं ते विक्री झाली की. आणि विक्री झाली नाही तरी माल निघाल्यापासून सहा महिन्यांत बिल फाडावंच लागतं, सीजीएसटी कायद्याच्या कलम ३१ मध्ये तसं आहे. त्यामुळे कोणी शेठ "वर्षभर ठेव" म्हणाला तरी त्याच्या कागदावर ते सहा महिन्यांच्या पुढे चालत नाही. गठ्ठा घेऊन प्रवास करताना ते चलन बरोबर ठेवा.

आता प्रश्न उरतो, जांगड घ्यावं की नाही? माझं मत, सुरुवातीला घ्यावं. बिनभांडवली माणसाला बाजार समजून घ्यायचा याहून स्वस्त रस्ता नाही. पण भाव थोडा चढा असतो हे धरून चाला. तोच शेठ रोखीला ११०० म्हणेल ती साडी जांगडला १२०० देईल, आणि ते बरोबर आहे, तुमच्या न खपण्याचा धोका तो घेतोय. ज्याला जांगडलाही रोखीचाच भाव मिळतोय त्यानं सांभाळून राहावं, बहुतेक जुना न खपलेला माल गळ्यात पडत असतो. मी पहिल्या दोन वर्षांनी हळूहळू असं केलं की जे रंग, जे पोत हमखास जातात ते रोखीत, आणि जे नवीन आहे, महाग आहे, अंदाज नाही ते जांगडवर. येवल्याची हातमागाची पैठणी मी आजही रोखीत भरून ठेवत नाही. गिऱ्हाईक आलं की मागवतो, दोन-तीन दिवसांच्या मुदतीवर.

परत करताना मुदतीच्या एक दिवस आधी करा. शेवटच्या दिवशी लोकल बंद पडते, शेठ गावाला जातात, घरी पाहुणे येतात. माल मोजून, चिठ्ठीवर "इतके परत मिळाले" लिहून सही घ्यायची. माझा एक विद्यार्थी ठाण्याला जांभळी नाक्यावर माल परत देऊन आला, सही घेतली नाही, आणि पुढच्या महिन्यात सात नग कमी निघाले. कोण खरं होतं ते मला आजही माहीत नाही.

दुकानात गिऱ्हाईकाला घरी दाखवायला साड्या देतो तेव्हाही मी चिठ्ठी करतो. सुरुवातीला लाज वाटायची, ओळखीच्या काकूंना कागदावर सही करा कसं म्हणायचं? मग एकदा लग्नसराईत सहा साड्या "सासूबाईंना दाखवून आणते" म्हणून गेल्या आणि पाचव्या दिवशी परत आल्या. त्यातल्या एकीला अत्तराचा वास होता आणि खांद्याच्या जागी पिनेची दोन भोकं. ती साडी मी त्यांना घ्या म्हणू शकलो नाही. बायकोनं ती स्वतःसाठी ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाऊन शंभर चिठ्ठ्यांची चार पुस्तकं करून आणली. आता काउंटरवर पुस्तक असतं, सगळ्यांना एकच नियम, ४८ तास. कोणी रागावलं असं फारसं झालेलं नाही. उलट दोन दिवस आहेत म्हटल्यावर लोक लवकर ठरवतात.

कल्याणच्या ताईंनी बॅच संपल्यावर चिठ्ठी दाखवली. नग ३४, भाव लिहिलेला, खाली जांगड. मुदतीची जागा कोरी. माल आणून सोळा दिवस झाले होते. मी म्हटलं, आत्ता इथूनच शेठला फोन लावा आणि तारीख ठरवा. त्यांनी लावला. शेठ म्हणाले, "तुम्हीच सांगा ना." ताईंनी पुढच्या महिन्याची पाच तारीख सांगितली, मी हातानं खूण केली, आधीची, आधीची. शेवटी २८ वर ठरलं, आणि तसा मेसेज गेला. २७ ला त्या २१ सेट परत देऊन आल्या, सही घेऊन. १३ विकले गेले होते. शेजारणींच्या सहा सेटचे पैसे त्यांनी स्वतःच्या पर्समधून भरले, त्यातले चार वसूल झालेत.

चिठ्ठीचा नमुना या विषयावरच्या व्हिडिओखाली दिलेला आहे. त्यात तुमचं नाव टाकून छापून घ्या. कागद साधा चालेल, कार्बन मात्र चांगला घ्या, खालची प्रत वाचता आली पाहिजे.